वैलावरचे झाकण: जुन्या चुलीची दुर्लक्षित राहिलेली बाजू

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या सीमापट्ट्यातील मराठी घरांत गॅसची शेगडी आली, १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने ती गरीब घरांतही नेली, तरी चूल विझलेली नाही. चहा, पोहे आणि घाईची भाजी गॅसवर होते. आंघोळीचे पाणी, दुभत्या जनावरांचे आंबोण, सणावाराचा मोठा स्वयंपाक आणि पुष्कळ घरांत रोजची भाकरी मात्र अजून चुलीवरच होते, कारण तुराट्या, उसाची चिपाडे, वाळकी काटकी आणि शेण्या यांसाठी रोख पैसे मोजावे लागत नाहीत. चूल सुधारण्याविषयी जेव्हा बोलले जाते, तेव्हा चुलीचे पोट केवढे असावे, तोंड किती रुंद असावे, धुराडे किती उंच न्यावे, याची चर्चा होते. वैलावर, म्हणजे चुलीच्या मागच्या दुसऱ्या भोकावर, भांडे नसेल तेव्हा ते भोक कशाने झाकायचे, हा प्रश्न मात्र ज्याच्या त्याच्यावर सोडून दिलेला असतो. माझ्या मते धुराड्याच्या चुलीत निम्मा बिघाड तिथेच होतो, आणि तो दुरुस्त करणे सर्वांत स्वस्त आहे.

आधी रचना पाहू. दोन भांड्यांच्या चुलीत पुढचे भांडे थेट जाळावर असते. तेथून निघालेल्या गरम वायूंना मागच्या भानवशीकडे जाणारी एक वाट असते आणि त्या वाटेवर वैल असतो. वैलाला स्वतःचा जाळ नसतो; पुढच्या भांड्याने घेऊन उरलेल्या उष्णतेवर तिथे वरण शिजते, भात मुरतो किंवा पाणी कोमट राहते. धुराडे असेल, तर वैल ओलांडून वायू त्यात शिरतात आणि कौलांच्या वर बाहेर पडतात. धुराडे नसेल, तर ते वैलातूनच स्वयंपाकघरात येतात. हा फरक महत्त्वाचा आहे. धुराडे नसलेल्या चुलीचा वैल घट्ट झाकला, तर धुराला बाहेर पडायला फक्त पुढचे तोंड आणि पुढच्या भांड्याखालची फट उरते, आणि जाळही गुदमरतो. म्हणून पुढे जे लिहिले आहे ते सर्व धुराड्याच्या चुलीसाठी आहे.

धुराडे धूर कसा ओढते? गरम हवा थंड हवेपेक्षा हलकी असते. तीन मीटर उंचीच्या धुराड्यात सरासरी १५० अंश सेल्सिअसची हवा असेल आणि बाहेर ३० अंश तापमान असेल, तर आतला हवेचा स्तंभ बाहेरच्या तेवढ्याच स्तंभापेक्षा हलका होतो आणि दोहोंच्या वजनातील फरकामुळे सुमारे १० पास्कल इतका दाब निर्माण होतो. हा दाब किती क्षुल्लक आहे हे समजण्यासाठी एवढेच सांगतो की, एक मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर आपल्या तळाशी जेवढा भार देतो, तेवढाच हा असतो. एवढ्याशा ओढीवर संपूर्ण चूल चालते. चुलीच्या तोंडातून ताजी हवा आत येणे, लाकूड पेटणे, ज्वाळा भांड्याच्या बुडाला लागणे, धूर मागे वळणे, या सगळ्यामागे हीच ओढ असते.

आता वैल उघडा ठेवला तर काय होते? आपल्याला वाटते, तिथून धूर बाहेर येईल. जाळ नुकताच पेटलेला असताना आणि धुराडे थंड असताना तसे होतेही. पण एकदा धुराडे तापले की उलटे घडते. धुराडे वैलाच्या भोकातून स्वयंपाकघरातली थंड हवा आत ओढू लागते, कारण चुलीच्या तोंडातून, लाकडांच्या फटींतून आणि निखाऱ्यांवरून हवा खेचण्यापेक्षा जवळच्या उघड्या भोकातून खेचणे सोपे असते. रस पिण्याची नळी मध्येच फाटली की कितीही ओढले तरी तोंडात हवाच येते, तसाच हा प्रकार आहे. ही थंड हवा धुराड्यात शिरून आतल्या वायूंना थंड करते, त्यामुळे मुळातली क्षीण ओढ आणखी कमी होते, आणि अखेर धूर बाहेर येतो तो वैलातून नव्हे, तर पुढच्या तोंडातून, चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत. ती बिचारी फुंकणी घेते, लाकूड ओले आहे म्हणते, तोंडाची रचना चुकली म्हणते. खानापूर तालुक्यात, विशेषतः जांबोटी आणि कणकुंबीच्या बाजूला, पावसाळ्यात लाकूड खरोखरच ओले असते, त्यामुळे दोष लाकडावर जाणे स्वाभाविक आहे. पण तेच लाकूड, तीच चूल आणि वैल नीट झाकलेला असताना धूर कमी होतो, हे करून पाहण्यासारखे आहे.

फट किती असली म्हणजे फरक पडतो, याचे गणित सोपे आहे. वैलाचे भोक २० सेंटीमीटर व्यासाचे धरले, तर त्याचा परीघ सुमारे ६३ सेंटीमीटर होतो. त्यावर ठेवलेले झाकण सगळीकडून अर्धा सेंटीमीटर उचललेले राहिले, तर फटीचे एकूण क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटीमीटर भरते. दहा सेंटीमीटर व्यासाच्या धुराड्याचे आतले क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस सेंटीमीटर असते. म्हणजे सहज डोळ्यांआड होणारी अर्ध्या सेंटीमीटरची फट धुराड्याच्या तोंडाच्या चाळीस टक्के एवढी झाली. फट दोन मिलिमीटरवर आणली, तरी ती धुराड्याच्या सहाव्या हिश्श्याएवढी उरतेच. मातीच्या, हाताने लिंपलेल्या आणि वर्षभरात चार ठिकाणी झिजलेल्या काठावर सपाट पत्रा ठेवला, तर दोन मिलिमीटर ही फार आशावादी मर्यादा आहे.

घरोघरी वैल कशाने झाकतात ते पाहिले, तर उत्तर आपोआप मिळते. कुठे जुना तवा उपडा घातलेला असतो, कुठे फुटक्या मडक्याचे खापर, कुठे डब्याचा कापलेला पत्रा. सर्वांत शहाणपणाची पद्धत जुन्या बायकांची: वैलावर पाण्याचे तपेले कायम ठेवायचे. त्यात वाया जाणारी उष्णता पाण्यात साठते, आणि तपेल्याचे बूड गोल असल्याने ते भोकात थोडे उतरून बऱ्यापैकी घट्ट बसते. ज्या घरात गरम पाण्याला सतत मागणी आहे, तिथे यापेक्षा चांगले झाकण नाही. पण सकाळी दोनच भाकऱ्या टाकायच्या असतात, किंवा पाणी आधीच उकळलेले असते आणि तपेले वैलावर ठेवले तर नुसती वाफ होत राहते. हे नुकसान थोडेथोडके नसते. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळेपर्यंत तापवायला साधारण ३१० किलोज्यूल लागतात, तर उकळलेल्या त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला २२५० किलोज्यूल, म्हणजे सातपटीहून अधिक. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर असल्यामुळे येथे पाणी १०० ऐवजी ९७-९८ अंशांनाच उकळते, पण त्याने या हिशेबात काही फरक पडत नाही. पाणी उकळले की भांड्यावर झाकण ठेवावे आणि जाळ कमी करावा. त्यापुढे जाळलेले लाकूड केवळ वाफेच्या रूपाने जाते.

म्हणून वैलाला स्वतःचे झाकण हवे, आणि त्याची पहिली कसोटी म्हणजे हवाबंदपणा. येथे कारखान्यांच्या भट्ट्यांतून एक जुनी युक्ती उसनी घेता येते. तापणाऱ्या भट्टीचे झाकण अगदी मापात बसवले, तर ते गरम होऊन प्रसरण पावते आणि अडकते. सैल ठेवले तर गळते. यावर उपाय म्हणून भट्टीच्या काठाभोवती वाळूने भरलेली खाच ठेवतात आणि झाकणाची कड त्या वाळूत बुडवतात. वाळूच्या कणांतून वायू सहजासहजी जात नाही, आणि झाकणाला फुगायला जागाही मिळते. चुलीसाठी वाळूऐवजी चाळलेली राख वापरावी, कारण ती चुलीतच तयार होते आणि फुकट मिळते. वैलाच्या भोकाभोवती दोन सेंटीमीटर रुंद आणि तेवढीच खोल गोल खाच असलेले एक बिडाचे कडे मातीत बसवायचे. झाकणाच्या खालच्या अंगाला दीड सेंटीमीटर उंचीची उभी कड ठेवायची. खाचेत राख भरून झाकण ठेवले की कड राखेत बुडते आणि चारही बाजूंनी फट बंद होते. राखेत कोळशाचे तुकडे राहिले तर कड पूर्ण बुडत नाही. म्हणून चाळणी आवश्यक आहे.

प्रसरणाचा आकडा लहान असला तरी दुर्लक्ष करण्यासारखा नाही. बिडाचा २० सेंटीमीटरचा तुकडा ३०० अंशांनी तापला, तर सुमारे पाऊण मिलिमीटर वाढतो. झाकण आणि कडे दोन्ही सारखेच तापले तर अडचण येत नाही, पण जाळ पेटल्यावर झाकण आधी तापते आणि मातीत गाडलेले कडे मागे राहते. नेमक्या त्या दहा-पंधरा मिनिटांत घट्ट झाकण धरून बसते, आणि ते सांडशीने ओढता ओढता चुलीची लिंपणच उचकटते. राखेच्या खाचेत हा धोका नाही. साध्या पत्र्याचे झाकण तर अडकण्याआधीच पिळवटते, कारण त्याचा मधला भाग काठापेक्षा जास्त तापतो. एकदा पत्र्याला असा फुगा आला की तो पुन्हा सपाट होत नाही आणि फट कायमची राहते. बीड पिळवटत नाही. मात्र तापलेल्या बिडावर गार पाणी पडले तर ते तडकते, ही सूचना घरातल्या सर्वांना द्यावी लागते.

दुसरी कसोटी उष्णता अडवण्याची. ३०० अंशांवर तापलेला २० सेंटीमीटरचा उघडा बिडाचा पत्रा प्रारण आणि हवेचा प्रवाह मिळून साधारण २५० वॅट उष्णता स्वयंपाकघरात सोडतो. तासभरात ही उष्णता ५०-६० ग्रॅम वाळक्या लाकडात असलेल्या उष्णतेएवढी भरते. हा आकडा प्रामाणिकपणे वाचायला हवा. ज्या चुलीत तासाला किलोभर लाकूड जाते, तिथे केवळ उष्णता अडवून सरपणाची मोठी बचत होणार नाही. बचत होते ती हवाबंदपणामुळे आणि त्यातून सुधारलेल्या जळणामुळे. तरीही वरचा थर थंड राखणे आवश्यक आहे, कारण ३०० अंशांचा उघडा पत्रा रांगत्या मुलाच्या हाताच्या उंचीवर असतो, आणि उन्हाळ्यात त्या खोलीत बसून भाकऱ्या थापणाऱ्या माणसाला तो ताप सोसावा लागतो.

उष्णता अडवण्यासाठी महाग काही लागत नाही. बिडातून उष्णता जेवढ्या सहज जाते, त्याच्या कितीतरी पट कमी ती भाजलेल्या विटेतून जाते, आणि सुट्या, कोरड्या राखेतून त्याहूनही कमी, कारण राखेच्या कणांमध्ये हवा अडकून स्थिर राहते. भाताच्या तुसाची राख यात विशेष गुणकारी आहे. तिच्यात सिलिकाचे प्रमाण भरपूर असते, ती उच्च तापमानाला वितळत नाही आणि वजनाला अत्यंत हलकी असते. खानापूर तालुका भाताचा आहे; तिथे तुसाला तोटा नाही. बिडाच्या पाच मिलिमीटरच्या तळावर पाच सेंटीमीटर तुसाची राख भरून वरून पातळ पत्र्याची टोपी बसवली, तर ते २५० वॅट १५-२० वॅटवर येतात, आणि पूर्ण झाकणाचे वजन दोन किलोच्या आसपास राहते, म्हणजे एका हाताने उचलता येते. टोपीचा पत्रा वरून चकचकीत ठेवला, तर तो आणखी कमी उष्णता बाहेर टाकतो. खालचा भाग चकचकीत करण्यात अर्थ नाही. पहिल्याच दिवशी त्यावर काजळी चढते. ज्यांना राख भरण्याचा खटाटोप नको असेल, त्यांनी दोन पत्र्यांमध्ये बोटभर पोकळी ठेवावी. मध्ये एक आडवा पत्रा आला की प्रारणाने जाणारी उष्णता निम्म्यावर येते, दोन आले की तिसऱ्या हिश्श्यावर.

मूठ ही लहान गोष्ट वाटते, पण झाकण वापरले जाईल की कोपऱ्यात पडेल हे तीच ठरवते. लाकडी मूठ काही महिन्यांत करपते. सलग लोखंडी मूठ हाताला चटका देते. तारेची वेटोळी मूठ बरी, कारण तारेतून उष्णता लांबच्या वाटेने येते आणि वेटोळ्यांमधून हवा खेळते. टोपीच्या मधोमध एक आडवी दांडी ठेवून वेगळ्या आकड्याने झाकण उचलणे हा त्याहून पक्का मार्ग आहे. काश्मीर-लडाखकडील बुखारींवरची (खोली ऊबदार ठेवणाऱ्या शेगड्यांवरची) आणि युरोपातील जुन्या कोळशाच्या चुलींवरची एकात एक बसणारी गोल कडी अशाच आकड्याने उचलतात. मधली कडी काढून भोक लहानमोठे करता येते, त्यामुळे डेचकी आणि मोठा टोप दोन्ही नीट बसतात. आपल्याकडे भांड्यांचे आकार एवढे वेगवेगळे असताना ही सोय वैलावरही असायला हवी.

झाकणालाच चुलीचा मुख्य भाग मानून केलेली सर्वांत प्रसिद्ध रचना स्वीडनमधील आहे. गुस्ताव डालेन या शास्त्रज्ञाला दीपगृहांचे दिवे आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेसाठी १९१२ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ॲसिटिलीन वायूच्या प्रयोगातील स्फोटात त्यांची दृष्टी गेली. पुढे १९२२ मध्ये त्यांनी आगा नावाची चूल घडवली. तिच्या जड ओतीव लोखंडात अगदी छोटा जाळ दिवसरात्र उष्णता साठवत राहतो. वर दोन तवे असतात, एक उकळण्यासाठी आणि एक मंद आचेसाठी, आणि दोन्हींवर बिजागरीने उघडणारी, आतून उष्णतारोधक भरलेली जाड झाकणे असतात. स्वयंपाक नसेल तेव्हा झाकण खाली, हा तिचा नियम. कारण उघड आहे: जाळ छोटा, साठा मोठा, म्हणून झाकण उघडे राहिले तर तासाभरात तवा निवतो आणि पुन्हा तापायला फार वेळ लागतो. अशा चुलीत उष्णता अडवणे पहिले आणि हवाबंदपणा दुसरा. आपल्या मातीच्या चुलीत क्रम उलटा आहे. दुसऱ्या चुलीची रचना जशीच्या तशी उचलली तर खर्च होतो आणि धूर तसाच राहतो, म्हणून हा फरक नीट लक्षात घ्यावा.

आपल्या देशात या विषयावर काम झालेले नाही असे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा उपक्रम सुरू झाला. त्यातून ‘अस्त्र ओले’ (कन्नडमध्ये ‘ओले’ म्हणजे चूल) ही तीन भांड्यांची चूल निघाली. जाळीवर जळणारे सरपण, खालून मोजून येणारी हवा आणि बैठकीत घट्ट बसणारी भांडी हे तिचे गुण होते. अनावश्यक हवा आत येऊ द्यायची नाही, हेच तिचे सूत्र. १९८३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या आणि २००२ साली तो कार्यक्रम बंद झाला. त्यांपैकी पुष्कळ चुली थोड्याच वर्षांत मोडल्या किंवा सोडून दिल्या गेल्या. माती झिजते, भांडी बदलतात, बैठक सैल होते, आणि प्रयोगशाळेत हवाबंद असलेली चूल घरात गळू लागते. घरच्या घरी भरता येणारी राखेची खाच या झिजेला उत्तर देते, असे मला वाटते.

हे झाकण करण्यासाठी लागणारे कौशल्य आपल्या पायाशी आहे. बेळगावच्या उद्यमबागेत आणि मच्छे परिसरात ओतकामाचे कारखाने आहेत. पंपांचे आणि यंत्रांचे भाग ओतणाऱ्यांना एक कडे आणि एक थाळी ओतणे अवघड नाही, एकदा साचा झाला की झाले. ज्यांना बीड परवडत नाही, त्यांच्यासाठी भाजक्या मातीचे झाकण आहे. खानापूरची माती प्रसिद्ध आहे, तिथे कौले आणि विटांचा व्यवसाय जुना आहे, आणि केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्थाही तिथेच आहे. मातीचे झाकण करताना चिखलात तूस मिसळावे. भाजताना तूस जळून जाते आणि मागे बारीक छिद्रे राहतात, त्यामुळे झाकण हलके होते आणि उष्णताही कमी जाऊ देते. ते बिडाएवढे टिकणार नाही, आपटले तर फुटेल, पण फुटले तर बदलता येईल इतके स्वस्त पडेल.

झाकण नीट बसले की नाही, हे तपासण्यासाठी उदबत्ती पुरते. चूल चांगली पेटल्यावर पेटती उदबत्ती झाकणाच्या काठाभोवती हळूहळू फिरवावी. जिथे तिचा धूर एकदम वाकून आत ओढला जातो, तिथे फट आहे. थोडी राख टाकून बोटाने दाबावी आणि पुन्हा फिरवून पाहावे. काही दिवस वापरल्यानंतर काठाकडेही नजर टाकावी: झाकणाच्या एखाद्या बाजूला लिंपणावर काळी, वर रुंद होत गेलेली रेघ दिसली, तर जाळ पेटताना तिथून धूर बाहेर पडतो आहे. खाचेतली राख ओलसर झाली की तिचे ढेकूळ बनते. पावसाळ्यात ती आठवड्यातून एकदा बदलावी. झाकण उचलताना सरळ वर उचलावे, तिरके ओढले तर राख उडून पुढच्या भांड्यात पडते. हा या रचनेचा खरा तोटा आहे, आणि भाकरी टाकण्याआधीच वैलाची उघडझाप उरकणे हा त्यावरचा उपाय.

एक सावधगिरी मात्र अत्यंत गंभीर आहे. निखारे धुमसत असताना त्यांना हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद खोलीत तो झोपेतच जीव घेऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील हवेच्या प्रदूषणामुळे २०२० साली सुमारे ३२ लाख मृत्यू झाले; चुलीचा धूर त्याचे मोठे कारण आहे. म्हणून वैलाचे झाकण घालताना धुराड्याची वाट पूर्ण मोकळी असावी. धुराड्यात झडप असेल, तर निखारे पूर्ण विझेपर्यंत ती बंद करू नये, आणि उष्णता टिकावी म्हणून पुढचे तोंड फळीने किंवा पोत्याने कधीही बुजवू नये. रात्री चूल निववताना आधी लाकडे बाहेर ओढावीत, निखारे राखेखाली दाबावेत, वैलावर झाकण ठेवावे, झडप उघडी राहू द्यावी आणि स्वयंपाकघराची खिडकी बोटभर तरी किलकिली ठेवूनच झोपायला जावे.